डेंग्यू पाठ करू नका, त्याची साखळी लिहा
पावसाळ्यात कळव्याला किंवा वाशीला हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग असेल तर पॅथोफिजिऑलॉजी (आजारात शरीरात काय आणि का बिघडतं) डेंग्यूच्या केसवरूनच शिका. वहीत बाण काढत जा आणि प्रत्येक बाणाला ‘का?’ विचारा. केशवाहिन्या गळक्या होतात, प्लाझ्मा बाहेर झिरपतो, रक्त दाट होऊन हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) चढतो, हृदयाकडे परतणारं रक्त घटतं. मग नाडी जलद, हातपाय गार. इथेच घोळ होतो: सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) ११० दिसला की सगळे निर्धास्त! पण रक्तवाहिन्या आकसल्याने डायस्टॉलिक (खालचा आकडा) वर सरकलेला असतो. ११०/९० म्हणजे फरक फक्त २०, हा शॉकच आहे (अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही), लगेच वरिष्ठ डॉक्टरांना सांगा. ही गळती बहुधा ताप उतरतानाच होते, आजाराच्या ३ऱ्या ते ७व्या दिवसादरम्यान. तेव्हा ताप गेला तरी नाडी, बीपी आणि लघवीचं माप सोडू नका.