चालकविरहित गाड्यांचं सिम्युलेशन: एका चौकात जमलं, पण जाळ्यात फसलं? या चुका टाळा

सिग्नलशिवाय चौक चालवण्याची कल्पना आता जुनी झाली. २००४ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात कर्ट ड्रेस्नर आणि पीटर स्टोन यांनी आरक्षणाची पद्धत मांडली. गाडी चौकाकडे येतानाच जागा आणि वेळ मागते. चौकाचा संगणक मागितलेल्या वेळी ती जागा मोकळी असेल का ते तपासून हो किंवा नाही कळवतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय झकास आहे आणि संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नकलेत, एका चौकावर चालतोही छान. मग उत्साहात पंचवीस चौकांचं जाळं जोडलं जातं आणि थोड्याच वेळात सगळं ठप्प. त्याहून वाईट म्हणजे ठप्प होऊनही आकडे उत्तम येतात.

पुढे जागा आहे का, हे न बघता परवानगी

बहुतेक घोळ इथेच होतो. चौक रिकामा म्हणून गाडी आत घेतली, पण पलीकडचा रस्ता भरलेला. गाडी चौकातच अडकते आणि आडवी वाहतूकही बंद पडते. म्हणून आरक्षण पुढच्या रस्त्यावरच्या जागेचंही करा.

हिशोब सोपा आहे. सुमोमध्ये (टाटांची गाडी नव्हे, जर्मन एरोस्पेस सेंटरचं वाहतूक-सिम्युलेशनचं मोफत सॉफ्टवेअर) साध्या मोटारीची लांबी ५ मीटर आणि थांबल्यावर पुढच्या गाडीपासूनचं अंतर २.५ मीटर धरलेलं असतं. म्हणजे गाडीमागे ७.५ मीटर धरले, तर २०० मीटरच्या लेनमध्ये २६ गाड्या मावतात. आता समजा, लेनमध्ये २५ गाड्या आहेत आणि तीन बाजूंनी तीन गाड्या जागा मागताहेत. कोड दर वेळी लेनमधल्या गाड्या मोजतो, २५ भरतात, आणि तिघींनाही हो म्हणतो, कारण परवानगी मिळालेली पहिली अजून वाटेतच आहे. तेव्हा लेनमधल्या गाड्यांत परवानगी घेऊन निघालेल्याही मिळवा आणि होकार देताक्षणी जागा वजा करा.

एवढं करूनही चार चौकांच्या चौकोनात गाठ बसू शकते. चारही रस्ते काठोकाठ भरलेले, प्रत्येकाच्या तोंडाशी उभी असलेली गाडी पुढच्या रस्त्यावर जायला थांबलेली. नियम सगळ्यांनी पाळले आणि हलत कोणीच नाही. अशा चौकोनातली शेवटची मोकळी जागा बाहेरून येणाऱ्या गाडीला कधीच देऊ नका.

आधी येईल त्याला आधी

हा क्रम न्याय्य वाटतो, पण मुख्य रस्त्यावर दहा गाड्या सलग येत असताना गल्लीतली एकेक गाडी मध्ये घुसवली, की तो ताफा दर वेळी तुटतो. मायकेल लेव्हिन, स्टीव्हन बॉइल्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की काही जाळ्यांत आरक्षण पद्धत साध्या सिग्नलपेक्षाही जास्त विलंब करते. गल्लीतल्या गाड्या थोड्या थांबवून गटाने सोडा.

यावर उपाय म्हणून अनेक जण प्रवीण वरैया यांची २०१३ ची मॅक्स-प्रेशर पद्धत उचलतात: मागची रांग वजा पुढची रांग, फरक जास्त तिकडे वाट. पद्धत चांगलीच आहे, कारण प्रत्येक चौकाला फक्त शेजारची माहिती पुरते. पण मूळ मांडणीत रांग कितीही वाढू शकते असं गृहीत आहे. जुन्या पेठांसारखे आखूड रस्ते असतील तर जागेची मर्यादा तुम्हालाच घालावी लागेल.

सिम्युलेटर कोंडी लपवतो

आकडे फारच चांगले आले की आधी इथे शंका घ्या. सुमोमध्ये ३०० सेकंद अडकलेली गाडी उचलून पुढे ठेवली जाते. याला टेलिपोर्ट म्हणतात. कोंडी आपोआप सुटते आणि श्रेय तुमच्या अल्गोरिदमला जातं. टाइम-टू-टेलिपोर्ट ही सेटिंग उणे १ करून, म्हणजे टेलिपोर्ट बंद करून, पुन्हा चालवा. ते सुरू ठेवायचंच असेल तर सुमो दर टेलिपोर्टला देतो त्या इशाऱ्यातलं कारण वाचा. ‘राँग लेन’ दिसलं तर दोष बहुधा नकाशातल्या लेन-जोडणीचा असतो, तुमच्या चौकाचा नाही.

जाळ्यात शिरायलाच जागा न मिळालेल्या गाड्या बाहेर ताटकळतात आणि तो वेळ प्रवासाच्या सरासरीत धरला जात नाही. शेवटपर्यंत न पोचलेल्या गाड्याही ट्रिपच्या अहवालात सहसा येत नाहीत. म्हणजे जे सर्वाधिक अडकले, तेच मोजणीतून वगळले. निघण्याचा विलंब जोडा आणि अपूर्ण ट्रिपाही लिहून घ्या.

सुमोमध्ये वेळेची पायरी (दर किती वेळाने गाड्या पुढे सरकवायच्या ते) मुळात १ सेकंदाची असते. ताशी ५० किमीने गाडी तेवढ्यात जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे आरक्षणासाठी चौकात पाडलेल्या दोन-चार चौकटी ओलांडून. ०.१ सेकंद घ्या. संगणक रडेल, रडू द्या. चौकातली टक्कर-तपासणीही मुद्दाम सुरू करावी लागते, नाहीतर गाड्या एकमेकींच्या आरपार जातात आणि कळतही नाही.

पुण्या-मुंबईचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या मोफत नकाशावरून घेताना डावीकडून चालण्याचा पर्याय निवडा. दुभाजक असलेल्या रस्त्यांचा एकच चौक चार चौक बनून आला असेल, तर ते एकत्र करा.

संदेश नेहमी पोचतोच, हे गृहीत

११ ऑगस्ट २०२३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीच भागात क्रूझ या कंपनीच्या सुमारे दहा चालकविरहित गाड्या रस्त्यातच उभ्या राहिल्या. कंपनीने मोबाइल नेटवर्कवरचा ताण हे कारण दिलं. तुमच्या सिम्युलेशनमध्ये मुद्दाम काही संदेश गाळून बघा. उत्तर न आलेली गाडी चौकाआधी थांबली पाहिजे, आणि तिने घेतलेलं आरक्षण ठराविक वेळेनंतर रद्द झालं पाहिजे. हे दुसरं हमखास राहून जातं, आणि मग न येणाऱ्या गाडीसाठी चौक अडून बसतो.