चिलटाच्या अळीतली लाळग्रंथी कशी काढावी आणि कशी बघावी

नाशिककरांनी हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करावा. चिलटाची (पिकल्या फळांवर घिरट्या घालणाऱ्या बारीक माशीची) अळी थंडाव्यात सावकाश वाढली की अंगाने भरते आणि तिच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं चांगली जाड मिळतात. साधारण १८ अंश सेल्सिअस तापमान उत्तम. एरवी त्यासाठी थंड कपाट लागतं, आपल्याकडे हिवाळ्यात घरातला गार कोपरा पुरतो. निफाड-दिंडोरीकडे बरणी ओट्यावर मात्र ठेवू नका, पहाटे पारा फारच उतरतो.

माझ्या मते स्लाइड बिघडते ती बहुधा बरणीतच. उपाशी, दाटीवाटीत वाढलेल्या अळीची ग्रंथी बारीक राहते, मग पुढे कितीही नीट दाबा.

काचेच्या बरणीत अतिपिकलं केळं कुस्करून चिमूटभर यीस्ट घाला आणि खिडकीत उघडी ठेवा. बागेतून थेट आणलेली द्राक्षं वापरू नका. फवारणीचा अंश राहिला असेल तर अळ्या मरतात. चिलटं आत शिरली की तोंडाला मलमल बांधा, एक-दोन दिवसांत त्यांना सोडून द्या, म्हणजे अंडी मोजकीच राहतील. अळ्या दिसू लागल्यावर अधूनमधून पाण्यात कालवलेल्या यीस्टचे दोन थेंब घालायचे. २५ अंशांना अळी पाचेक दिवसांत तयार होते, १८ अंशांना जवळपास दुप्पट वेळ घेते.

खाणं सोडून काचेवर चढू लागलेली, गुबगुबीत पांढरी अळी निवडा. तपकिरी कोष झाला की उशीर झाला, कारण कोषात ही ग्रंथी विरघळून जाते.

स्लाइडखाली काळा कागद ठेवा. ०.७ टक्के मिठाच्या पाण्याच्या थेंबात अळी ठेवून भिंगातून बघत एक सुई शरीराच्या मध्यावर दाबा, दुसरी तोंडाच्या काळ्या आकड्यांच्या लगेच मागे टोचा आणि डोकं एका दमात पुढे ओढा. आतडं, चरबी, सगळंच बाहेर येईल. त्यात शिजलेल्या साबुदाण्यासारख्या पारदर्शक पेशींच्या दोन लांबट पिशव्या शोधा, पुढच्या टोकाला नळीने जोडलेल्या. ही लाळग्रंथी. तिच्या कडेला चिकटलेली अपारदर्शक पांढरी पट्टी म्हणजे चरबी. ती सुईने खरवडून काढा, नाहीतर रंगवल्यावर सगळं गढूळ दिसतं.

रंगवण्याआधी ग्रंथी तशीच एकदा बघाच. पुढच्या पेशी लहान, मागच्या मोठ्या. या पेशींची संख्या भ्रूणावस्थेतच ठरते; अळी कितीही वाढली तरी त्या विभागत नाहीत, नुसत्या फुगतात. आतल्या डीएनएच्या मात्र प्रतीवर प्रती निघतात, सुमारे दहा फेऱ्या, आणि हजारभर धागे शेजारीशेजारी जुळून राहतात. म्हणून तर ही गुणसूत्रं कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात. बाल्बियानी या शास्त्रज्ञांनी ती १८८१ मध्ये डासासारख्या दिसणाऱ्या एका माशीच्या अळीत पाहिली होती. ती गुणसूत्रंच आहेत हे १९३३ मध्ये हाइट्झ व बाउअर आणि पेंटर यांच्या कामातून स्पष्ट झालं.

आता ग्रंथी अॅसिटो-ऑर्सीन किंवा अॅसिटोकार्मिन या गुणसूत्रं रंगवणाऱ्या रंगाच्या थेंबात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. या रंगांत तीव्र अॅसिटिक आम्ल असतं, त्यामुळे हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि शाळकरी मुलांना एकट्याने करू देऊ नका. वर कव्हरस्लिप (पातळ काच) ठेवून टिपकागदाच्या घडीत अंगठ्याने सरळ खाली दाबा. काच तसूभरही सरकता कामा नये, सरकली की गुणसूत्रं गुंडाळतात.

आधी १०० पट, मग ४०० पट मोठं करून बघा. केंद्रकं अजून गोल, अखंड दिसली तर पुन्हा दाबा. गडद-फिक्या आडव्या रेघा असलेले लांब पट्टे, म्हणजेच गुणसूत्रं, दिसले की जमलं. मध्येच पट्टा फुगलेला दिसतो, तिथली जनुकं त्या वेळी कामात असतात. या वयात ग्रंथीचं मोठं काम म्हणजे कोष काचेला चिकटवणारा डिंक बनवणं. पाठ्यपुस्तकात गुणसूत्रांच्या पाच लांब भुजा दाखवतात, पण खिडकीत धरलेली चिलटं वेगवेगळ्या जातींची असू शकतात, तेव्हा आकडा जुळला नाही तरी स्लाइड टाकू नका. कुठे पट्ट्याला वेटोळं दिसलं तर तो बहुधा गुणसूत्राचा उलटलेला तुकडा, जंगली माशांत हे वरचेवर सापडतं.

कडा नेलपॉलिशने बंद केल्या तर स्लाइड फ्रीजमध्ये काही दिवस टिकते.