नागपूरच्या वैद्यकीय संशोधनाची यादी कशी कराल

पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीच्या अ‍ॅडव्हान्स्ड सर्चमध्ये ‘अ‍ॅफिलिएशन’ (लेखकाची संस्था आणि पत्ता) फील्ड निवडून ‘नागपूर’ हा शब्द इंग्रजीत टाका. नुसतं ‘गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज’ टाकलं तर औरंगाबादपासून सुरतपर्यंतचे निबंध येतात.

मेयोसाठी ‘इंदिरा गांधी गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज’ हे पूर्ण नाव, ‘आयजीजीएमसी’ आणि ‘मेयो’ हे तिन्ही ‘ऑर’ने जोडा, लेखक मनाला येईल तसं नाव लिहितात. विद्यापीठाच्या नावाने शोधू नका. मेडिकल (नागपूरचं गव्हर्नमेंट मेडिकल कॉलेज) आणि मेयो नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला संलग्न आहेत, पण निबंधावर बहुधा कॉलेजचंच नाव असतं. एम्स स्वायत्त आहे, ती त्या विद्यापीठाच्या बेरजेत धरू नका.

खरी गळती जुन्या वर्षांत होते. 2014 पूर्वी पबमेड फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवत असे, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरचे नागपूरकर सुटतात. ते विभागवार, लेखकांच्या नावानेच शोधावे लागतात. काम किचकट आहे, पण टाळू नका. नाहीतर त्या डॉक्टरांचं श्रेय हरवतं.

सगळं सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) उतरवून पीएमआयडीवरून, म्हणजे पबमेडने प्रत्येक निबंधाला दिलेल्या क्रमांकावरून, दुबार नोंदी काढा. मेडिकल-मेयोचा संयुक्त निबंध एकदाच मोजायचा.