इमारतीच्या डिझाइन-पद्धतीवर पेटंट मागताय? या चुका टाळा

आर्किटेक्ट, ग्रीन बिल्डिंग सल्लागार आणि एचव्हीएसी (वातानुकूलन आणि वायुवीजन) इंजिनिअर यांचे पेटंटसाठीचे मसुदे वाचताना अनेकदा मनापासून वाईट वाटतं. काम खरं असतं, साइटवरच्या अनुभवातून आलेलं असतं आणि अर्ज मात्र पेटंट कार्यालयाच्या पहिल्याच परीक्षण अहवालात अडकतो. अहवालात बहुतेक वेळा कलम ३(के) असतं. पेटंट कायदा, १९७० च्या या कलमानुसार गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक-प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना आपल्याकडे शोध मानत नाहीत. जोडीला कधी ३(एम) येतं, म्हणजे मनात करायच्या कामाची रीत. अर्जदाराला वाटतं, परीक्षकाला इमारत कळलीच नाही. खरं तर मसुद्यात इमारत पोचलेलीच नसते.

एक उदाहरण डोळ्यांसमोर ठेवू. समजा तुम्ही अशी पद्धत तयार केली आहे: ऑफिसच्या इमारतीचा प्लॅन, त्या शहराची हवामानाची फाइल आणि भिंती-काचांचे गुणधर्म दिले की सॉफ्टवेअर खिडक्यांचे आकार, छज्जांची खोली आणि काचेचे प्रकार यांच्या हजारो जोड्या तपासतं, प्रत्येक जोडीसाठी वर्षभराचा कूलिंग लोड (इमारत थंड ठेवायला बाहेर काढावी लागणारी उष्णता) काढतं आणि सर्वांत कमी वीज लागेल ती जोडी सुचवतं. उपयोगी आहे, मेहनतीचं आहे. पण पेटंट मिळेल का, हे क्लेम, म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला ते सांगणारं अर्जातलं कलम, कुठे संपतं यावर ठरतं.

क्लेम स्क्रीनवर संपवणं

नेहमीचा पहिला क्लेम असा असतो: माहिती घेणे, लोड मोजणे, पर्यायांची तुलना करणे, उत्तम पर्याय दाखवणे. या चारही पायऱ्या वाचून परीक्षक एकच प्रश्न विचारतो: स्क्रीनच्या बाहेर काय बदललं? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर हातात उरतं ते गणित, आणि शेवटी एक शिफारस.

इथे कायद्याची एक बारीक बाजू अनेकांच्या नजरेतून सुटते. कलम ३(के) मधली ‘निव्वळ’ ही सवलत फक्त संगणक-प्रोग्रामला जोडलेली आहे. गणिती पद्धतीला आणि अल्गोरिदमला ती नाही. त्यामुळे ‘आमचा प्रोग्राम तांत्रिक परिणाम देतो’ हा युक्तिवाद उपयोगी पडतो, पण ‘आमचं सूत्र अधिक अचूक आहे’ हा पडत नाही. इको निवास संहिता २०१८ या घरांसाठीच्या ऊर्जाबचत संहितेत घरांच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेसाठी आरईटीव्ही हा आकडा आहे आणि थंड प्रदेश सोडून बाकी हवामानांत त्याची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॉट आहे. हा आकडा निम्म्या वेळात काढून देणारं नवं समीकरण कितीही सुंदर असलं, तरी तेवढ्यावर अर्ज केलात तर तो गणिती पद्धतीचा अर्ज ठरेल.

‘इमारत बांधली की वीज वाचणारच’ यावर विसंबणं

हा युक्तिवाद मला सर्वांत जास्त वेळा दिसतो, आणि तो सर्वांत फसवा आहे, कारण तो खोटा नाही. इमारत त्या डिझाइनप्रमाणे बांधली तर वीज खरंच वाचेल. पण ही बचत तुमच्या क्लेममधल्या पायऱ्यांतून होते का? मधे मालक आहे, बजेट आहे, महापालिकेची मंजुरी आहे, कंत्राटदार आहे. सॉफ्टवेअरने सुचवलेला छज्जा बांधायचा की नाही, हे माणूस ठरवतो. पद्धत फक्त सल्ला देते.

युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने नेमका हा प्रश्न १० मार्च २०२१ च्या जी १/१९ या निर्णयात हाताळला. अर्जदार होती बेंटली सिस्टिम्स. शोध होता इमारतीतून पादचारी कसे हलतील याच्या संगणकीय सिम्युलेशनचा, आणि त्याच्या आधारे इमारतीची रचना सुधारण्याचा. मंडळाने सिम्युलेशनला सरसकट दार बंद केलं नाही. पण सिम्युलेशन भौतिक नियमांवर उभं आहे एवढंच पुरेसं नाही, असं स्पष्ट सांगितलं. आणि तेच सिम्युलेशन डिझाइन-प्रक्रियेचा, अगदी डिझाइन तपासण्याचा भाग म्हणून मागितलं तरी उत्तर बदलत नाही, हेही सांगितलं. निकालाचा तांत्रिक वापर, उदाहरणार्थ एखादं यंत्र चालवणं, क्लेममध्ये असावा किंवा क्लेममधून निःसंशय निघावा, ही त्यामागची अपेक्षा. ऊर्जाबचतीच्या डिझाइन-पद्धतीला हा तर्क जसाच्या तसा लागू पडतो.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही आहे. २०११ मध्ये लंडनच्या हाय कोर्टाने हॅलिबर्टन कंपनीच्या, तेलविहिरी खोदायच्या ड्रिल बिटचं संगणकावर डिझाइन करण्याच्या पद्धतीला पेटंटपात्र मानलं होतं. म्हणून कुणी ‘डिझाइन-पद्धतीला जगात कुठेही पेटंट नाही’ असं ठामपणे सांगत असेल, तर तेही बरोबर नाही. पण भारतातला अर्ज लंडनच्या निकालावर उभा करू नका.

भारतीय कार्यालयावर भारतीय निर्णय बांधील असतात. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये सांगितलं की तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दाखवणारा शोध संगणक-प्रोग्रामवर आधारलेला आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अर्जावरही त्याच न्यायालयाने हीच दिशा धरली. नवं हार्डवेअर असायलाच हवं ही २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतली अट २०१७ मध्येच काढली गेली. म्हणजे दार उघडं आहे. आत जायला तांत्रिक परिणाम लागतो, आणि तो इमारतीत किंवा यंत्रात दाखवता यावा लागतो.

मग आपल्या उदाहरणाचं काय करायचं? मला चार वाटा दिसतात. सगळ्या सगळ्यांना लागू होणार नाहीत.

पहिली वाट बांधकामाची. सॉफ्टवेअरने सुचवलेली छज्जा-काच-भिंतीची रचना जर स्वतःच नवी असेल, तर तीच मागा: मापं, साहित्य, थरांचा क्रम, हवेच्या पोकळीची रुंदी. १८८१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी उन्हाने खोली गरम करण्याचं पेटंट घेतलं, त्यात काचेमागची गडद भिंत आणि तिच्यातून हवा खेळवायची सोय होती. पुढे फ्रान्समधल्या फेलिक्स ट्रॉम्ब यांच्या नावाने ही भिंत प्रसिद्ध झाली. तिथे भिंत मागितली होती, भिंतीचा हिशेब नव्हे.

दुसरी वाट चालत्या इमारतीची, आणि मला ती अनेकांसाठी सर्वांत बळकट वाटते. सेन्सरने काचेच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान मोजलं, तुमच्या मॉडेलने पुढच्या तासाचा उष्णताभार काढला आणि त्यावरून लूव्हरचा (खिडकीबाहेरच्या हलत्या पट्ट्यांचा) कोन व चिलरच्या (एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या) पाण्याचं तापमान बदललं, तर पद्धत एका खऱ्या यंत्रणेला हलवते. तिसरी वाट उत्पादनाची: निकालातून थेट कटिंग मशीनला सूचना जाऊन पॅनेल तयार होतात. इथे मात्र नुसतं ‘आणि त्यानुसार पॅनेल बनवणे’ असं शेपूट जोडून भागणार नाही. मोजणी आणि मशीन यांचा दुवा नेमका लिहावा लागतो. चौथी वाट संगणकाची: तुमच्या युक्तीमुळे सिम्युलेशन कमी मेमरीत चालत असेल, तर तो संगणकाच्या कामकाजातला परिणाम म्हणून मांडता येतो. पण युक्ती संगणकाच्या अंतर्गत रचनेशी निगडित हवी, केवळ गणित सोपं केल्याने वेळ वाचला असं नको.

या वाटा नंतर पकडू, असं समजणं

कलम ५९ आडवं येतं ते इथे. अर्ज दाखल झाल्यावर दुरुस्ती करता येते, पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जासोबतच्या शोधाच्या लेखी वर्णनात) नसलेला मजकूर त्यात घालता येत नाही, आणि बदललेला क्लेम जुन्या क्लेमच्या व्याप्तीतच बसावा लागतो. लूव्हरच्या मोटरचा मूळ मजकुरात उल्लेखच नसेल, तर परीक्षकाच्या आक्षेपानंतर ती कुठून आणणार? आणि सगळे क्लेम डिझाइन-पद्धतीचेच असतील, तर नंतर भिंतीच्या किंवा नियंत्रण-यंत्रणेच्या क्लेमकडे वळणं हे व्याप्तीबाहेर गेल्याचं धरलं जाण्याचा धोका असतो. म्हणून पहिल्याच दिवशी पद्धत, यंत्रणा आणि बांधकाम, तिन्ही लिहून टाका. तात्पुरत्या स्पेसिफिकेशननंतर संपूर्ण स्पेसिफिकेशनसाठी १२ महिने मिळतात. त्या वर्षाचा उपयोग प्रत्यक्ष खोलीत मोजमाप घ्यायला करा.

बचत रुपयांत आणि ताऱ्यांत सांगणं

‘वीजबिल कमी होईल’, ‘गृहचे (ग्रीन बिल्डिंगचं मानांकन) जास्त तारे मिळतील’, ‘ईसीबीसीची (इमारतींच्या ऊर्जाबचतीची संहिता) पूर्तता सोपी होईल’. ग्राहकाला पटवायला ही वाक्यं योग्य आहेत. पण पैसा, मानांकन आणि नियमपालन हे तांत्रिक परिणाम नाहीत. उलट परीक्षकाला व्यवसाय-पद्धतीचा वास त्यांतूनच येतो. तीच गोष्ट भौतिक भाषेत लिहा: छताच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान किती अंशांनी उतरलं, दर चौरस मीटरला किती वॉट उष्णता कमी आत आली, दुपारचा कमाल लोड किती तास पुढे सरकला. कोणत्या हवामानात, कोणत्या यू-मूल्याच्या (भिंतीतून उष्णता किती सहज जाते त्याचा आकडा) भिंतीसाठी, कशाच्या तुलनेत, हे सगळं सोबत. कलम १०(४) नुसार तुम्हाला माहीत असलेली सर्वांत चांगली कृती उघड करावीच लागते. पद्धतीत मशीन लर्निंग असेल, तर मॉडेलला कोणता डेटा दिला, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं हे न सांगता चौकोनात ‘एआय मॉड्यूल’ लिहिणं म्हणजे वर्णन अपुरं ठेवणं.

वाड्याचा चौक नव्याने शोधणं

चौकातून गरम हवा वर जाणं, चुन्याचा गिलावा, जाळीतून येणारा वारा, ओल्या वाळ्याचे पडदे हे सगळं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहे. कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानाला किंवा त्याच्या ज्ञात गुणांच्या नुसत्या बेरजेला पेटंट देत नाही. हे कलम योग्यच आहे असं माझं ठाम मत आहे. जे सगळ्यांचं आहे ते एकाच्या नावावर जाऊ नये. तुमचं योगदान त्यापलीकडचं असेल, तर तेवढंच वेगळं काढून दाखवा.

कलम ३(एफ) याच्याच शेजारचं. छज्जा, छतावरचं इन्सुलेशन आणि एलईडी दिवे एकत्र केले, पण प्रत्येक जण आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करतोय, तर ती नुसती मांडणी ठरते. एकामुळे दुसऱ्याचं वागणं कसं बदललं, ते दाखवा.

आधी मांडणं, मग अर्ज करणं

ग्रीन बिल्डिंगच्या परिषदेत प्रेझेंटेशन झालं, स्पर्धेचे बोर्ड वेबसाइटवर लागले, पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढला, आणि मग अर्जाची आठवण झाली. अमेरिकेत शोधकर्त्याच्या स्वतःच्या प्रकटीकरणाला एक वर्षाची सवलत आहे, पण भारतात कलम ३१ ची १२ महिन्यांची सूट मोजक्याच प्रसंगांना मिळते, जसं की केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध. कॉलेजातली ज्यूरी किंवा लिंक्डइनची पोस्ट त्यात बसत नाही. पद्धत खऱ्या इमारतीवर तपासायची असेल, तर कलम ३२ वाचा. अर्जाच्या आधीच्या एका वर्षात, वाजवी चाचणीसाठी आणि शोधाच्या स्वरूपामुळे ती सार्वजनिकच करावी लागत असेल, तर संरक्षण आहे. लोक राहायला गेलेली पूर्ण इमारत ‘चाचणी’ होती हे पटवणं कठीण जातं. शक्य असेल तर आधी अर्ज, मग वीट.

परदेशी सॉफ्टवेअर कंपनीसोबत काम करणाऱ्या इथल्या अभियंत्यांनी कलम ३९ ही पाहावं. भारतात राहणाऱ्याला थेट बाहेर पहिला अर्ज करायचा असेल तर परवानगी लागते, नाहीतर भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. हे टाळलं तर त्याच शोधाचा भारतीय अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो.

मिळालेलं पेटंट वापरता येईल का, हे न विचारणं

समजा डिझाइन-पद्धतीचा क्लेम मंजूर झालाच. स्पर्धक आपल्या ऑफिसात, आपल्या लॅपटॉपवर ती पद्धत वापरतो. तुम्हाला कसं कळणार? बाहेरून दिसते ती तयार इमारत. कलम ४८ प्रक्रियेतून थेट मिळालेल्या उत्पादनापर्यंत हक्क नेतं, पण डिझाइनच्या हिशेबातून इमारत ‘थेट’ मिळाली हे कोर्टात सिद्ध करणं अवघड आहे. याउलट, विशिष्ट रीतीने हलणारे लूव्हर किंवा विशिष्ट थरांची भिंत रस्त्यावरून दिसते, मोजता येते. पात्रता आणि अंमलबजावणी, दोन्हींसाठी उपाय एकच निघतो: क्लेम इमारतीपर्यंत नेणं.

अहवाल आल्यावर घाबरून क्लेम कापणं

३(के) चा आक्षेप म्हणजे नकार नव्हे. पहिल्या परीक्षण अहवालाला उत्तर द्यायला सहा महिने असतात. त्यात ‘संगणकाद्वारे’ हे शब्द सगळीकडे पेरून काहीही होत नाही. प्रत्येक पायरीसमोर तिचा भौतिक परिणाम आणि स्पेसिफिकेशनमधला परिच्छेद क्रमांक लिहा, मोजमापांचा तक्ता पुढे करा, सुनावणी मिळाली तर शोध समजणाऱ्या इंजिनिअरला सोबत न्या. महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या कार्यालयात जातात. कलम १५ खाली अर्ज नाकारला गेला, तर ११७ए नुसार तीन महिन्यांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. २०२१ मध्ये भारताचं बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून मुंबई कार्यालयाच्या निर्णयावरची अपिलं मुंबई उच्च न्यायालयात जातात. नकाराच्या आदेशात तांत्रिक परिणामाबद्दलच्या तुमच्या मुद्द्यांना उत्तरच दिलेलं नसेल, तर अपिलात सर्वांत आधी तेच मांडा.