वॉश पंप उतरवण्याआधी लिटरभर पाणी ओतून पाहा

डिशवॉशरच्या दुरुस्तीत नव्याने उतरणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की भांडी खरकटी निघाली म्हणजे वॉश पंप (भांड्यांवर पाणी फेकणारा पंप) गेला, असं धरून चालू नका. मी तसं धरलं होतं. शिकाऊ असताना एका मशिनचा पंप घरघरायचा, आवाज मध्येच चढायचा, मध्येच पडायचा. मी पंप उतरवून नवा बसवला, तरी तोच आवाज. उस्तादांनी काही न बोलता पाण्याचा जग हातात दिला आणि आत ओतायला सांगितलं. दार लावलं आणि पंप एका सुरात चालू लागला. ते मशिन ठरावीक वेळच पाणी भरणारं होतं. पाणी आत सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हची जाळी क्षारांनी बुजल्यामुळे तेवढ्या वेळात पाणी पुरेसं येत नव्हतं आणि पंप पाण्याबरोबर हवा ओढत होता. जाळी साफ केली, जुना पंप परत बसवला.

तेव्हापासून मी आधी कान लावतो. पंप नीट असेल तर फिरणाऱ्या स्प्रे आर्मचं, म्हणजे पाणी उडवणाऱ्या भोकांच्या दांड्याचं, पाणी दारावर ठरावीक लयीत आपटताना ऐकू येतं. गुडगुड ऐकू आली तर पाणी कमी आहे किंवा आत फेस झालाय. हाताने भांडी घासायचा साबण घातला की हमखास होतो. नुसता 'हूं' असा आवाज आला तर मोटरला वीज पोचतेय, पण ती फिरत नाही. खरखर बहुतेक वेळा बेअरिंगची. काहीच आवाज नसेल तर पंपाआधी वायरिंग आणि कंट्रोल बोर्ड तपासायचा. आणि पाणी उपसून टाकणारा ड्रेन पंप वेगळा असतो. त्याचा आवाज या पंपाचा समजू नका.

'हूं' ऐकू आलं की प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाण्याचा नळ बंद करा, फिल्टर काढून तळातलं पाणी स्पंजने टिपून घ्या. इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या पंख्यात, काचेचा तुकडा, फळाची बी किंवा टूथपिक अडकलेली मी कितीदा काढलीय. बोटं घालू नका, चिमटा वापरा. काच पाण्यात दिसत नाही. मशिन बरेच महिने बंद असेल तर पाणी अडवणारं सील चिकटून शाफ्ट (इम्पेलर फिरवणारा दांडा) जाम होतो आणि इम्पेलर हलकेच फिरवला की पुष्कळदा सुटतो.

त्यानंतर मल्टिमीटर. जुन्या इंडक्शन मोटरला कपॅसिटर असतो. तो आधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मग मोजा. छापील आकड्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली गेला असेल तर बदला. नव्या मशिनांत बहुधा तीन तारांची ब्रशलेस मोटर असते. तिच्या कुठल्याही दोन तारांमधला रेझिस्टन्स जवळजवळ सारखा यायला हवा. एखादी जोडी वेगळी निघाली तर वाइंडिंग गेलं. वाइंडिंग आणि अर्थ यांच्यामध्ये मात्र जोड दिसताच कामा नये. मल्टिमीटर इथे फसवू शकतो, म्हणून मी 500 व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावतो. पण आधी मोटर बोर्डापासून सोडवायची, नाहीतर बोर्ड जळेल.

पंपाच्या अंगावर क्षारांचा पांढरा ओघळ दिसला तर शाफ्टचं सील गळतंय. ते पाणी खालच्या ट्रेमध्ये साचून फ्लोट (गळती ओळखणारा तरंगता स्विच) वर उचलतं, मग धुणं थांबतं आणि ड्रेन पंप थांबता थांबत नाही. गिऱ्हाईक तक्रार ड्रेन पंपाची करतं, दोष सापडतो इथे. सील बहुतेक वेळा सुटं मिळत नाही, अशा वेळी पूर्ण पंप बदलावा लागतो.

नवा पंप बसवताना रबरी रिंगला पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. थोडं पाणी लावलं की पुरे. मग खालची पट्टी उघडी ठेवून, पंपाखाली कोरडा टिश्यू पसरून गरम पाण्याचं पूर्ण चक्र चालवा. गार पाण्यात कोरडा राहिलेला जोड गरम पाण्यात पाझरताना मी पाहिलाय. टिश्यूवर एक जरी ओला डाग दिसला, तरी पुन्हा उघडा.