घरच्या बिअरचा रंग फसला? या चुका टाळा

पिवळीधमक व्हायला हवी होती ती बिअर फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) कोऱ्या चहासारखी दिसते, आणि लगेच रेसिपीला बोल लागतो. जरा थांबा. वीतभर जाडीच्या द्रवातून उजेड नीट आरपार येतच नाही, वर तरंगतं यीस्ट तो गढूळ करतं. अरुंद ग्लासात नमुना काढा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, गाळ बसला की पांढऱ्या कागदासमोर धरा.

तरीही गडद? मग रंग नेमका कधी चढला ते आठवा.

यीस्ट घालायच्या आधीच वॉर्ट (माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचं, गोड पाणी) गडद असेल, तर दोष उकळीचा किंवा धान्याचा. एक्स्ट्रॅक्टवाल्यांची (माल्टचा तयार, आटवलेला अर्क वापरणाऱ्यांची) नेहमीची चूक म्हणजे सगळं एक्स्ट्रॅक्ट सुरुवातीलाच, तेही निम्म्या पाण्यात. दाट वॉर्ट तासभर उकळलं की तपकिरी होणारच. एक तृतीयांश आधी घाला, बाकीचं शेवटच्या दहा मिनिटांत. घालताना गॅस बंद. चमच्याला तळाशी चिकट लागेनासं होईपर्यंत ढवळा, नाहीतर करपतं. (पातळ वॉर्टमध्ये हॉप्सचा, म्हणजे बिअरला चव-वास देणाऱ्या फुलांचा, कडवटपणा जास्त उतरतो, तेव्हा हॉप्स थोडे कमी करा.) डब्यातलं पातळ एक्स्ट्रॅक्ट जुनं झालं की आपोआप काळवंडतं, फिक्या बिअरला पावडर बरी.

धान्यापासून करणाऱ्यांनी वजनकाटा तपासावा. २० लिटरला ४ किलो पेल माल्ट घेतला तर रंग साधारण ७ ईबीसी येतो (हे बिअरच्या रंगाचं माप; आकडा मोठा तितका रंग गडद). त्यात फक्त ५० ग्रॅम रोस्टेड बार्ली (भाजून काळं केलेलं जव) पडली की तो १८ च्या आसपास, म्हणजे थेट तांबूस. किलोच्या काट्यावर काळं धान्य मोजू नका. पाणी अल्कधर्मी असेल तरी रंग चढतो: मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टचा) पीएच ५.२ ते ५.६ ठेवा, नमुना थंड करून मोजा. धान्य धुताना निथळणाऱ्या वॉर्टचा पीएच ६ च्या वर गेला की धुणं थांबवा.

भरताना फिकी होती आणि बाटलीत काळवंडली, तर ऑक्सिजन आत गेलाय. हेझी आयपीए (भरपूर हॉप्सची गढूळ बिअर) यात सर्वांत नाजूक; आंब्याच्या रसासारखा पिवळा रंग काही आठवड्यांत मळकट करडा होतो आणि हॉप्सचा वासही जातो. यावर इलाज नाही. पुढच्या वेळी नळी बाटलीच्या तळाला टेकवून भरा, खळखळू देऊ नका, केग (बिअरचं धातूचं पिंप) असेल तर आधी कार्बन डायऑक्साइडने हवा काढून टाका.

उलट फिकी झाली तर सोपं आहे. १०० ग्रॅम काळा माल्ट भरडून अर्धा लिटर गार पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, दहा मिनिटं उकळा, थंड करा. फर्मेंटेशन चालू असतानाच थोडं थोडं मिसळा आणि दर वेळी ग्लासात बघा.