मोबाइलचे चित्र मोठ्या पडद्यावर नेताना रिझोल्यूशन नेमके कुठे अडते

मोबाइल टीव्हीला किंवा मॉनिटरला जोडल्यावर चित्र धूसर दिसले, हालचाल अडखळली किंवा चित्रच आले नाही, तर बहुतेक वेळा दोष टीव्हीला दिला जातो, आणि पुष्कळदा तो त्याचा नसतो. मोबाइलच्या खोक्यावर छापलेले रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या पिक्सेलांची (ठिपक्यांची) संख्या, हे त्याच्या स्वतःच्या पडद्याचे असते. तो किती रिझोल्यूशनचा व्हिडिओ डिकोड करू (उलगडून दाखवू) शकतो ही वेगळी बाब आहे, आणि त्याच्या पोर्टमधून केवढे चित्र बाहेर पडू शकते ही तिसरीच. एक आकडा पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. १०८०पी (टीव्हीवर १९२० × १०८० पिक्सेल) पडद्याचा मोबाइल ४के (३८४० × २१६० पिक्सेल) चित्रण उत्तम करतो आणि तरीही त्याच्या पोर्टमधून चित्र अजिबात बाहेर येत नाही, अशी उदाहरणे सर्रास आढळतात. म्हणून नवी केबल किंवा अडॅप्टर विकत घेण्याआधी मोबाइलपासून सुरुवात करून टीव्हीपर्यंतचा एकेक दुवा क्रमाने तपासावा. जो दुवा सर्वांत अरुंद असेल, तेवढेच चित्र पुढे जाते.

आधी मोबाइलचा पडदा पाहू. आज पुष्कळ मोबाइलांचे रिझोल्यूशन १०८० × २४०० पिक्सेल असते, म्हणजे लांबी-रुंदीचे प्रमाण २०:९ आणि टीव्हीचे १६:९. मोबाइल आडवा धरून त्याचा पडदा १०८०पी टीव्हीवर जसाच्या तसा दाखवला, तर २४०० पिक्सेलांची रुंदी १९२० मध्ये बसवावी लागते. त्याच प्रमाणात उंची ८६४ होते आणि वर-खाली १०८ ओळींचे काळे पट्टे उरतात. मोबाइल उभा धरला तर स्थिती फार बिकट होते: चित्राची उंची १०८० झाली की रुंदी जेमतेम ४८६ पिक्सेल राहते, आणि टीव्हीचा तीन चतुर्थांश भाग काळा दिसतो. हा बिघाड नव्हे, साधे गणित आहे. मिररिंग करताना, म्हणजे मोबाइलचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर दाखवताना, मोबाइल आडवा धरणे हा त्यावरचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

काही मोबाइलांत पडद्याचे रिझोल्यूशन बदलण्याची सोय सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या विभागात असते आणि बॅटरी वाचावी म्हणून कंपनीने ते मुद्दाम कमी ठेवलेले असते. २०१५ मध्ये आलेल्या सोनी एक्सपीरिया झेड५ प्रीमियमचा पडदा ४के होता, पण बहुतेक कामे तो १०८०पी मध्येच करत असे. मिररिंगमध्ये मोबाइलने आपल्या पडद्यासाठी रचलेलेच चित्र ताणून मोठे केले जात असल्याने, टीव्हीला ४के सिग्नल मिळत असला तरी अक्षरांची धार मूळ पडद्याइतकीच राहते. ती सुधारायची असेल तर सॅमसंग डेक्ससारखा डेस्कटॉप मोड वापरावा, कारण त्यात मोठ्या पडद्यासाठी स्वतंत्र चित्र रचले जाते. २०१७ मध्ये गॅलेक्सी एस८ बरोबर आलेली ही सोय मजकूर वाचण्या-लिहिण्याच्या कामाला मिररिंगपेक्षा कितीतरी सरस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पोर्टकडे वळू, कारण सर्वाधिक फसगत इथे होते. यूएसबी-सी हे केवळ पोर्टच्या आकाराचे नाव आहे. त्या आकाराच्या पोर्टमधून चित्र बाहेर यायचे तर मोबाइलमध्ये डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (यूएसबी-सी पोर्टमधून डिस्प्लेपोर्ट या पद्धतीने चित्र पाठवण्याची सोय) असावा लागतो, आणि ती सोय प्रोसेसर, पोर्टपर्यंतची जोडणी आणि सॉफ्टवेअर या तिघांनी मिळून दिलेली असते. तिन्हींपैकी एकानेही हात आखडता घेतला तर महागड्यात महागडा अडॅप्टर लावूनही टीव्हीवर ‘नो सिग्नल’ हीच पाटी दिसते. गुगलचा पिक्सेल ८ हा २०२३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्यातून चित्र बाहेर येत नव्हते. २०२४ च्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर त्याच मोबाइलमधून ते येऊ लागले. म्हणजे यंत्रात क्षमता असूनही सॉफ्टवेअरने ती बंद ठेवलेली असू शकते.

ही सोय आहे की नाही हे ओळखण्यासाठी निर्मात्याच्या संकेतस्थळावरील तपशिलात ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘व्हिडिओ आउटपुट’ हे शब्द शोधावेत. नुसते ‘यूएसबी-सी’ लिहिलेले असेल तर ते पुरेसे समजू नये. तिथे ‘यूएसबी २.०’ एवढाच उल्लेख असेल तर बहुधा चित्र बाहेर येणार नाही, पण हा नियम पक्का नाही: आयफोन १५ चा डेटा वेग यूएसबी २ चा, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट इतकाच आहे, आणि तरीही त्यातून डिस्प्लेपोर्टने ४के पर्यंतचे चित्र बाहेर येते. त्याच आयफोनबरोबर मिळणारी चार्जिंग केबल मात्र चित्र वाहून नेत नाही. चार्जिंगच्या साध्या केबलमध्ये वीज आणि यूएसबी २ एवढ्यापुरत्याच तारा असतात. चित्रासाठी लागणाऱ्या वेगवान तारांच्या जोड्या तिच्यात नसतात. दोन्ही केबलांची टोके हुबेहूब सारखी दिसत असल्याने हातात घेऊन फरक कळत नाही, म्हणून चित्रासाठीची केबल वेगळी ठेवून तिच्यावर चिठ्ठी चिकटवावी.

डिस्प्लेपोर्टची सोय नसलेल्या मोबाइलसाठी डिस्प्लेलिंक नावाचे तंत्र वापरणारे अडॅप्टर मिळतात. त्यात मोबाइलवर एक ॲप बसवावे लागते, पडद्यावरचे चित्र आकुंचित करून डेटा म्हणून पाठवले जाते आणि अडॅप्टर ते पुन्हा उलगडतो. सादरीकरणासाठी हा मार्ग चालतो. चित्रपटासाठी तो घेऊ नये, कारण संरक्षित व्हिडिओच्या जागी काळा पडदा दिसतो.

पोर्टची खात्री पटली की अडॅप्टरचा प्रश्न येतो, आणि या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. यूएसबी-सी पोर्टमध्ये वेगवान माहितीसाठी चार मार्गिका असतात. त्या चारही चित्राला देता येतात, किंवा दोन चित्राला आणि दोन यूएसबी ३ च्या डेटाला. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये प्रत्येक मार्गिकेचा वेग सेकंदाला ५.४ गिगाबिट असतो, पण सांकेतिक रचनेत त्यातला पाचवा हिस्सा खर्ची पडतो; म्हणून चार मार्गिकांतून प्रत्यक्ष १७.२८ आणि दोनांतून ८.६४ गिगाबिट माहिती जाते. आता चित्राची गरज मोजू. ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, प्रत्येकी २४ बिट, सेकंदाला ६० वेळा: हा गुणाकार सुमारे १२ गिगाबिट होतो. चार मार्गिकांत तो आरामात मावतो, दोनांत मावत नाही. तेच चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवायचे ठरवले तर ६ गिगाबिट पुरतात आणि दोन मार्गिकांवर भागते. १०८०पी ६० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला ६० वेळा) तर तीनच गिगाबिट लागतात. पेनड्राइव्हसाठी यूएसबी ३ चे पोर्ट असलेले अनेक हब (एकाहून अधिक पोर्ट असलेले अडॅप्टर) ४के चित्र ३० हर्ट्झलाच का देतात, याचे उत्तर या हिशेबात आहे: अर्ध्या मार्गिका त्यांनी डेटासाठी राखून ठेवलेल्या असतात. नव्या मोबाइलांत प्रत्येक मार्गिकेचा वेग ८.१ गिगाबिटपर्यंत जातो. तेव्हा दोन मार्गिकांतूनही जवळपास १३ गिगाबिट मिळतात आणि ४के ६० हर्ट्झ कसेबसे बसते, मात्र त्यासाठी मोबाइल आणि हब दोघांनाही तो वेग यावा लागतो.

हा हिशेब मी स्वतः एका चुकीतून शिकलो. ठळक अक्षरांत ‘४के’ छापलेला एक हब मी घेतला आणि मोबाइल डेस्कटॉप मोडमध्ये टीव्हीला जोडला. स्थिर चित्र सुरेख दिसत होते, पण माउस हलवला की बाण सरकण्याऐवजी ठिकठिकाणी उड्या मारत जाई, आणि लांबलचक पान वर सरकवताना ओळी वाचताच येत नसत. दोन दिवस मी मोबाइलच कमजोर आहे असे समजत होतो. शेवटी टीव्हीच्या रिमोटवरचे माहितीचे बटण दाबले, तेव्हा कोपऱ्यात ‘३८४० × २१६०, ३० हर्ट्झ’ असे दिसले. मोबाइलच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८०पी वर आणताच टीव्हीने ६० हर्ट्झ दाखवले आणि बाण सुतासारखा सरळ चालू लागला. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो: हालचालीचे काम असेल तर ३० हर्ट्झच्या ४के पेक्षा ६० हर्ट्झचे १०८०पी निवडावे. छायाचित्रे किंवा नकाशे शांतपणे पाहायचे असतील तर मात्र ४के घ्यावे, तिथे ३० हर्ट्झ खटकत नाही. आणि खरेदी करताना ‘४के’ या शब्दापुढे ‘६० हर्ट्झ’ लिहिलेले नसेल, तर तो अडॅप्टर ३० हर्ट्झचा आहे असेच गृहीत धरावे.

टीव्हीच्या बाजूला एचडीएमआयची, म्हणजे टीव्हीला चित्र आणि आवाज पोहोचवणाऱ्या जोडणीची, आवृत्ती हीच गोष्ट ठरवते. २००९ मधल्या एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट आहे आणि तिच्यावर ४के ३० हर्ट्झपर्यंत जाते. २०१३ मध्ये आलेल्या २.० ची क्षमता १८ गिगाबिट असल्याने ६० हर्ट्झ शक्य होते. केबलवर ‘प्रीमियम हाय स्पीड’ असे लिहिलेले असल्यास १८ गिगाबिटची खात्री असते. याउपर दोन गोष्टी तपासाव्यात. एकाच टीव्हीची सगळी एचडीएमआय पोर्ट सारख्या क्षमतेची असतातच असे नाही, म्हणून पोर्ट बदलून पाहावे. दुसरे म्हणजे, अनेक टीव्ही पूर्ण क्षमतेचा सिग्नल मूळ सेटिंगमध्ये स्वीकारतच नाहीत. त्या पोर्टसाठी एचडीएमआयचा ‘एनहान्स्ड’ किंवा तत्सम नावाचा पर्याय हाताने सुरू करावा लागतो. आपण काय काय दाखवू शकतो याची यादी टीव्ही जोडणीच्या क्षणी मोबाइलकडे पाठवतो, आणि मोबाइल त्या यादीतूनच निवड करतो. त्यामुळे सेटिंग बदलल्यावर केबल काढून पुन्हा लावावी, म्हणजे नवी यादी वाचली जाते.

इतके सगळे नीट असूनही एखाद्याच ॲपमधले चित्र खराब दिसत असेल, तर जोडणी सोडून हक्क-संरक्षणाकडे पाहावे. अँड्रॉइडवर चित्रपटांच्या सेवा वाइडवाइन नावाची संरक्षणप्रणाली वापरतात. मोबाइलची पातळी एल१ असेल तर त्या एचडी चित्र देतात. एल३ असेल तर बहुतेक सेवा ४८०पी च्या आसपास थांबतात, मग पडदा कितीही चांगला असो. ‘डीआरएम इन्फो’सारख्या ॲपमध्ये ही पातळी घटकाभरात कळते. मोबाइलच्या पडद्यावर चित्रपट नीट चालतो पण टीव्हीवर आवाज येऊन चित्र काळे राहते, तेव्हा अडॅप्टर किंवा टीव्ही एचडीसीपी या संरक्षणाची अट पूर्ण करत नाही असे समजावे. ४के चित्रपटांसाठी सहसा त्याची २.२ ही आवृत्ती मागितली जाते. यावर वैध मार्ग एकच: ती अट पाळणारा अडॅप्टर घ्यावा, किंवा ती सेवा टीव्हीवरच्या ॲपमध्ये उघडावी.

बिनतारी जोडणीत मिररिंग आणि कास्टिंग या दोन गोष्टी एक समजल्या जातात, आणि त्यांतला फरक ओळखला तर अर्ध्या तक्रारी मिटतात. मिररिंगमध्ये मोबाइल आपला पडदा क्षणोक्षणी आकुंचित करून वायफायने पाठवतो. चित्राची धार जाते, किंचित विलंब होतो आणि बॅटरी भराभर उतरते. कास्टिंगमध्ये मोबाइल टीव्हीला फक्त व्हिडिओचा पत्ता देतो, आणि टीव्ही तो थेट इंटरनेटवरून आणतो. मोबाइलचा पडदा ७२०पी असला तरी तेव्हा टीव्हीवर ४के चित्र येऊ शकते, कारण मोबाइल केवळ रिमोटचे काम करत असतो. म्हणून व्हिडिओच्या ॲपमध्ये कास्टचे चिन्ह असेल तर तेच वापरावे आणि मिररिंग इतर कामांसाठी ठेवावे. स्वतः मोबाइलवर केलेले ४के चित्रण दाखवायचे असेल तर मी आणखी सोपा रस्ता धरतो: फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पेनड्राइव्ह टीव्हीला लावतो. फाइलमध्ये सगळे पिक्सेल शाबूत असतात आणि मधला प्रत्येक दुवा टळतो. एवढेच पाहावे लागते की चित्रण एचईव्हीसी या व्हिडिओ आकुंचित करण्याच्या पद्धतीत झाले असेल तर टीव्हीला ती पद्धत वाचता यायला हवी.

तारेने जोडून दीर्घकाळ काम करायचे असेल तर चार्जरसाठी वेगळे पोर्ट असलेला अडॅप्टर घ्यावा, कारण साधा अडॅप्टर मोबाइलचीच वीज खातो. चार्जिंग आणि चित्र एकाच वेळी चालू असताना मोबाइल तापतो, आणि फार तापला की प्रोसेसर आपला वेग उतरवतो. सुरुवातीला सुरळीत चाललेले चित्र काही वेळाने अडखळू लागले तर मोबाइलचे कव्हर काढून तो उघड्या, हवेशीर जागी ठेवावा आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. अडखळणे थांबले तर केबल बदलण्याचे कारण नाही.